मसल रिलॅक्संटची गोळी सुरू करताना बंद कधी करायची तेही विचारून घ्या

कंबर धरलेला माणूस मला लांबूनच ओळखू येतो. एका बाजूला कललेला, एक हात कमरेवर, पाऊल टाकायच्या आधी विचार करतोय, आणि दुसऱ्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी. मी फार्मासिस्ट आहे, औषधांच्या काउंटरमागे बरीच वर्षं गेली. त्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात, एक दुखणं कमी करणारी गोळी आणि एक मसल रिलॅक्संट, म्हणजे आखडलेले स्नायू सैल व्हावेत म्हणून दिलेली गोळी, कधीकधी तर दोन्ही एकाच गोळीत एकत्र. लोक विचारतात जेवणाआधी घ्यायची का नंतर, ते विचारायलाच हवं, पण "ही बंद कधी करायची?" असं विचारणारे फार कमी भेटतात. मसल रिलॅक्संटच्या बाबतीत मला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आधी गोळी काम कुठे करते ते बघू, कारण तिथेच सगळी गोम आहे. नाव मसल रिलॅक्संट, त्यामुळे आपल्याला वाटतं की गोळी पोटात गेली, रक्तातून कमरेच्या त्या आखडलेल्या स्नायूपर्यंत पोचली आणि तिथली गाठ सोडवली. तसं होत नाही. या गटातल्या जवळपास सगळ्या गोळ्या मेंदूवर आणि मणक्यातल्या मज्जारज्जूवर काम करतात. स्नायू स्वतःहून आखडत नाही, त्याला वरून मज्जातंतूंमार्फत "घट्ट राहा, घट्ट राहा" असे निरोप येत असतात, आणि गोळी ते निरोप पाठवणाऱ्या ऑफिसलाच थोडं सुस्त करते. आता ऑफिस सुस्त झालं की फक्त कमरेचे निरोप कमी होतील असं कसं होणार, तिथूनच तुमचं जागं राहणं चालतं, तोल सांभाळणं चालतं, बीपी वरखाली करणं चालतं, श्वास चालतो. म्हणून पेंग येते, चक्कर येते, डोकं जड होतं. लोक त्याला साइड इफेक्ट म्हणतात आणि ते बरोबरच आहे, पण खरं सांगायचं तर ही सुस्ती गोळीच्या मुख्य कामापासून वेगळी काढताच येत नाही. दुखण्यामुळे दोन रात्री न झोपलेल्या माणसाला रात्री झोप लागते, झोपेत शरीर सैल पडतं, सकाळी उठून तो थोडा हलू शकतो, बऱ्याचदा गोळीचा फायदा म्हणजे एवढाच असतो. आणि तेवढा फायदाही त्या माणसासाठी लहान नसतो हेही मान्य करायला हवं.

थेट स्नायूत काम करणारी एक गोळी आहे, डँट्रोलीन, ती स्नायूच्या आतलं कॅल्शियम सुटणं कमी करते. पण ती लिव्हरला जड जाऊ शकते आणि साध्या पाठदुखीसाठी देत नाहीत. आणि ऑपरेशनच्या टेबलावर भूल देताना जे स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात ते तर पूर्ण वेगळं प्रकरण, त्याने श्वासाचे स्नायूही थांबतात म्हणून तिथे श्वास मशीनने चालवावा लागतो. नावं सारखी असल्यामुळे काही लोक घाबरतात, तर तेवढं घाबरायचं कारण नाही, ते औषध वेगळं.

या औषधांची सुरुवात कशी झाली तीही गोष्ट मला फार आवडते, कारण त्यात या गोळीचा सगळा स्वभाव दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये फ्रँक बर्गर नावाचे शास्त्रज्ञ पेनिसिलिन खराब होऊ नये म्हणून त्यात काय घालता येईल ते शोधत होते. त्यातली काही रसायनं उंदरांना दिली तर उंदीर एकदम ढिले पडले, पाठीवर उलटे ठेवले तर सरळ होईनात, पण जागे होते, आणि थोड्या वेळाने पूर्ववत झाले. त्यातून मेफेनेसिन आलं, १९४६ साली त्यांनी ते छापलं. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांच्याच कामातून मेप्रोबामेट आलं, जे चिंता कमी करायची गोळी म्हणून तुफान चाललं, आणि नंतर कॅरिसोप्रोडॉल आलं, जे मसल रिलॅक्संट म्हणून चाललं. म्हणजे स्नायू सैल करणारी गोळी आणि मन शांत करणारी गोळी या अक्षरशः एकाच घरातल्या बहिणी आहेत. इतकंच नाही, कॅरिसोप्रोडॉल शरीरात गेल्यावर त्यातल्या बऱ्याच भागाचं मेप्रोबामेटच होतं, आणि मेप्रोबामेटची सवय लागते. युरोपच्या औषध एजन्सीने २००७ मध्ये कॅरिसोप्रोडॉल बाजारातून काढायची शिफारस केली आणि अमेरिकेत जानेवारी २०१२ पासून ती कंट्रोल्ड, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत गेली. तेव्हा कोणी म्हणालं "अहो नुसती कमरेची तर गोळी, तिची कसली सवय लागतेय", तर निदान या एका गोळीच्या बाबतीत तरी लागते.

आता फायदा किती होतो ते प्रामाणिकपणे सांगते. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला होता, त्यात कंबरदुखीसाठी या गोळ्यांवर झालेल्या ३१ चाचण्या एकत्र करून बघितल्या. नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीत पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं थोडं कमी झालेलं दिसलं, ० ते १०० च्या मोजपट्टीवर ८ च्या आसपास, म्हणजे पेशंटला ठळकपणे जाणवेल एवढं नाही, आणि तेही पुरावे फारसे भक्कम नव्हते. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकेत इमर्जन्सीमध्ये आलेल्या ३२३ कंबरदुखीच्या पेशंटना नेप्रोक्सेन ही दुखण्याची गोळी दिली, आणि सोबत काहींना सायक्लोबेंझाप्रिन ही मसल रिलॅक्संट, काहींना ओपिऑइडवाली, म्हणजे अफूच्या गटातली गोळी, काहींना औषध नसलेली नुसती खोटी गोळी. एका आठवड्याने बघितलं तर तिन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नाही. हे वाचून गोळी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, काही लोकांना पहिले दोन-चार दिवस खरंच सुटल्यासारखं वाटतं, ते मी समोर बघते. पण ही गोळी दुखणं "बरं" करत नाही. ते बरं होतं दिवसांनी. बहुतेक साधी कंबरदुखी, मान धरणं, उसण भरणं हे काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरतं, गोळी घेतली तरी आणि नाही घेतली तरी. गोळीने मधले वाईट दिवस थोडे सुसह्य होतात, बस्स.

आणि म्हणूनच थोड्या दिवसांचा हट्ट. सायक्लोबेंझाप्रिन आणि कॅरिसोप्रोडॉल या दोन्हींच्या अधिकृत माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की जास्तीत जास्त दोन ते तीन आठवडे, कारण त्यापुढे उपयोग होतो असा नीट पुरावाच नाही. थायोकोल्चिकोसाइड नावाच्या रिलॅक्संटचं तर आणखी कडक आहे. कळलावीच्या बियांमधून मिळणाऱ्या घटकापासून ते बनवतात, आणि युरोपच्या एजन्सीने २०१३ मध्ये त्यावर मर्यादा घातल्या: तोंडाने घ्यायची असेल तर ८ मिलीग्रॅम १२ तासांच्या अंतराने, म्हणजे दिवसाला १६ मिलीग्रॅमपर्यंत, आणि फक्त ७ दिवस, इंजेक्शन असेल तर ५ दिवस. कारण असं की शरीरात त्याचं रूपांतर होऊन जो पदार्थ तयार होतो तो पेशी दुभंगताना क्रोमोसोमची वाटणी बिघडवू शकतो. म्हणून गरोदर बायकांना नाही, अंगावर पाजणाऱ्यांना नाही, गर्भनिरोधक न वापरणाऱ्या आणि दिवस राहू शकतील अशा बायकांना नाही, १६ वर्षांखालच्या मुलांना नाही. सात दिवस म्हणजे सातच. मागच्या वेळची स्ट्रिप होती म्हणून अजून पाच दिवस घेतली, असं या गोळीचं करायचं नाही.

माझी एक सवय आहे, गोळी देताना मी स्ट्रिपच्या मागच्या चंदेरी बाजूवर पेनाने दोन तारखा लिहून देते. सुरू आणि बंद. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दिवस लिहिले असतील तर त्याप्रमाणे, नसतील लिहिले तर त्यांना फोन करून विचारून. गोळी फोडताना ती तारीख डोळ्यांसमोर येते. तुम्हीही घरी हे करू शकता, त्याला फार्मासिस्ट लागत नाही.

आता ज्या प्रसंगामुळे मी या विषयावर इतकी बोलते तो सांगते. माझ्या आईची मान धरली होती. टिझॅनिडिन नावाची मसल रिलॅक्संट, २ मिलीग्रॅम, रात्री झोपताना, थोडे दिवस, अगदी व्यवस्थित लिहून दिलेलं. चौथ्या-पाचव्या दिवशी तिला लघवीला जळजळ व्हायला लागली, मी कामावर होते, ती दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आली, त्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं. रात्री मी घरी पोचायला उशीर झाला होता, तोवर तिने दोन्ही घेतलेलं. बघते तर आई पलंगाच्या कडेला बसलेली, एक चप्पल पायात, दुसरी हातात, आणि त्या हातातल्या चपलेकडे बघत बसलीय. "आई, काय झालं गं?" म्हटलं तर उत्तर आलं पण किती वेळाने, आणि शब्द ओढल्यासारखे. बीपी लावलं तर वरचा आकडा ८४. तिला तशीच आडवी केली, पाय उशीवर वर घेतले, डॉक्टरांना फोन केला आणि हॉस्पिटलमध्ये नेलं, सलाइन लावलं, रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाई ठणठणीत. पण त्या रात्री खुर्चीत बसून मी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा माझे हात कापत होते.

झालं असं की टिझॅनिडिन मोडून बाहेर टाकायचं काम लिव्हरमधलं एक विशिष्ट एन्झाइम करतं आणि सिप्रोफ्लॉक्सासिन नेमकं तेच एन्झाइम अडवतं. मग गोळी तीच, २ मिलीग्रॅमचीच, पण शरीरात ती साचत जाते, दोन्ही एकत्र घेतल्यावर टिझॅनिडिनचा एकूण परिणाम साधारण दहा पट वाढतो असं मोजलेलं आहे. टिझॅनिडिनचा मूळ स्वभावच बीपी उतरवायचा, बीपीच्या क्लोनिडिन नावाच्या जुन्या गोळीचं ते नात्यातलं औषध आहे, त्यात दहा पट म्हटल्यावर काय होणार. डिप्रेशन किंवा ओसीडीसाठी देतात त्या फ्लुवॉक्सामिनने तर हा आकडा तीसच्याही वर जातो. म्हणून ही दोन औषधं टिझॅनिडिनसोबत चालतच नाहीत, "जपून घ्या" असं नाही, घ्यायचीच नाहीत. गर्भनिरोधक गोळ्यांनीही टिझॅनिडिन वाढतं, तिथे डॉक्टरांना सांगून डोस ठरवावा लागतो. आईच्या दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या जागी बरोबर औषध दिलं होतं. एकाला दुसऱ्याची चिठ्ठी दिसली नाही, एवढंच. आणि आईला वाटलं मानेची गोळी ती काय सांगायची, लघवीशी तिचा काय संबंध.

तर सांगायचं. प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक वेळी, चालू असलेली प्रत्येक गोळी. नावं आठवत नसतील तर स्ट्रिपचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, आणि फोटो काढताना ब्रँडचं मोठं नाव नको, त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलीग्रॅम यायला हवेत, कारण एकाच औषधाला वेगवेगळ्या कंपन्यांची दहा नावं असतात आणि दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिप म्हणजे दोन वेगळी औषधं समजून लोक एकच गोळी दुप्पट घेतात.

एकत्र गोळ्यांमध्ये हा घोळ जास्त होतो. मसल रिलॅक्संटसोबत पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक असं काहीतरी घातलेलं असतं. ती घेणारा माणूस संध्याकाळी अंग मोडून आलं म्हणून वर साधी तापाची गोळी घेतो, म्हणजे पॅरासिटामॉल दोनदा. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जायला नको, आणि लिव्हर नाजूक असेल, दारू नेहमीची असेल, वजन कमी असेल तर त्याच्याही बरंच खाली थांबायचं. डायक्लोफिनॅकसारखी गोळी असेल तर अल्सर, किडनी, हार्टचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या यातलं काहीही असेल ते आधी सांगायचं. मला स्वतःला विचाराल तर दोन औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत असलेली बरी, म्हणजे पेंग फार यायला लागली तर रिलॅक्संट तेवढी थांबवता येते, दुखण्याची गोळी चालू ठेवता येते.

आता सगळ्यात घातक मिसळ. वर म्हटलं तसं ही गोळी मेंदूला सुस्त करते. त्यात दारू आली की सुस्तीत सुस्ती, आणि ती नुसती बेरीज राहत नाही. झोपेची गोळी, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम अशा चिंतेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, कोडीन आणि इतर ओपिऑइड, नसांच्या दुखण्याच्या गॅबापेंटिन-प्रीगाबालिन, आणि ज्याचा कुणी विचारच करत नाही ते म्हणजे सर्दी-अ‍ॅलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि काही खोकल्याची औषधं, हे सगळं त्याच बाजूला वजन टाकतं. फार वजन पडलं की श्वास मंद होतो, आणि झोपेत मंद होतो म्हणून शेजारच्यालाही कळत नाही. ज्यांना झोपेत घोरता घोरता श्वास अडकायचा त्रास आहे, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, किंवा फुप्फुसाचा जुना आजार आहे त्यांनी हे दुप्पट जपायचं. गोळी चालू आहे तेवढे दिवस दारू पूर्ण बंद. एक पेगने काय होतं हा प्रश्न मला नेहमी येतो, तर याचं उत्तर आधी सांगता येत नाही, म्हणूनच बंद.

माणूस उठवून उठत नसेल, श्वास अगदी मंद किंवा घरघरणारा असेल, ओठ निळसर दिसत असतील तर झोपू दे बिचाऱ्याला असं म्हणायचं नाही, लगेच अ‍ॅम्ब्युलन्स.

सायक्लोबेंझाप्रिनबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. रचनेने ते अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या डिप्रेशनच्या औषधांचं सख्खं भावंड आहे, त्यामुळे त्यांचे सगळे गुण यात आलेत, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, धूसर दिसणं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी यावर पूर्ण अडू शकते, काचबिंदूचा एक प्रकार बळावू शकतो. नुकताच हार्ट अटॅक आलेला, हार्ट फेल्युअर, ठोक्यांची गडबड, थायरॉइड वाढलेला, यांच्यासाठी ही गोळी नाही. डिप्रेशनच्या एमएओ इन्हिबिटर गटातल्या गोळ्या घेत असाल किंवा १४ दिवसांच्या आत बंद केल्या असतील तरी नाही. नेहमीच्या डिप्रेशनच्या गोळ्या किंवा ट्रॅमाडॉलसोबत घेतली आणि अंगाला कंप, घाम, अस्वस्थपणा, धडधड, ताप असं एकदम सुरू झालं तर ते सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन फार वाढल्याचं लक्षण असू शकतं, तडक हॉस्पिटल गाठायचं. एक चांगली गोष्ट म्हणजे चाचण्यांमध्ये ५ मिलीग्रॅमने १० मिलीग्रॅमएवढाच आराम मिळाला आणि गुंगी कमी आली, म्हणून जास्त डोस म्हणजे जास्त आराम हे गणित इथे चालत नाही. आणि ती शरीरातून सावकाश जाते, अर्धी उतरायलाच सरासरी १८ तास. म्हणजे रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गाडी चालवताना अंगात चांगली शिल्लक असते. माणसाला वाटतं झोप झाली, मी फ्रेश आहे, पण ब्रेकवर पाय जायला जो क्षण लागतो तो लांबलेला असतो. पहिली गोळी घेतल्यावर ती आपल्याला कशी लागते हे कळेपर्यंत टू-व्हीलर, कार, मशीन, शिडी काही नाही. म्हणून पहिली गोळी रात्री, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी लवकर कुठे जायचं नसेल अशा रात्री.

याच गटातलं मेथोकार्बामॉल घेतलं तर लघवी तपकिरी, काळपट किंवा हिरवट होऊ शकते, क्लोरझोक्साझोनने नारिंगी किंवा लालसर-जांभळी. रंगाचं काही विशेष नाही, पण क्लोरझोक्साझोन क्वचित लिव्हर बिघडवतं, म्हणून डोळे पिवळे, मळमळ, भूक मेली, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखतंय असं झालं तर रंगावर सोडून न देता गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवा.

बॅक्लोफेन हे खरं तर वेगळ्या कामाचं औषध. मज्जारज्जूला इजा, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा आजारांत हातपाय कायमचे ताठ होतात, त्या ताठरपणासाठी. टिझॅनिडिनही मुळात त्यासाठीच. साधी उसण भरणं आणि मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराने आलेला ताठरपणा या दोन गोष्टी वेगळ्या, आणि ज्यांना दुसरा त्रास आहे त्यांना या गोळ्या महिनोन्‌महिने लागतात, त्यांनी माझं वरचं वाचून स्वतःहून गोळी बंद करायची नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतेय. बरेच दिवस चालू असलेलं बॅक्लोफेन एकदम थांबवलं तर भास, फिट्स, ताप, प्रचंड ताठरपणा असं जिवावर बेतू शकतं, जास्त डोसचं टिझॅनिडिन बरेच आठवडे घेऊन एकदम सोडलं तर बीपी आणि नाडी उसळते. डॉक्टर हळूहळू उतरवून देतात. बॅक्लोफेन बाहेर जातं मुख्यतः किडनीतून, त्यामुळे किडनी कमजोर असलेल्याला ते थोड्या डोसमध्येही भ्रमिष्टासारखं करू शकतं. किडनीचा त्रास असलेलं घरातलं माणूस नवीन गोळीनंतर दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागलं तर "वय झालं" म्हणू नका, चिठ्ठी घेऊन जा.

वयस्कर माणसांचा विषय निघालाच आहे तर, अमेरिकेतल्या वार्धक्यशास्त्राच्या डॉक्टरांची संघटना एक यादी काढते, बीअर्स क्रायटेरिया म्हणतात, ६५ च्या पुढच्या लोकांना कोणती औषधं शक्यतो देऊ नयेत त्याची. सायक्लोबेंझाप्रिन, मेथोकार्बामॉल, कॅरिसोप्रोडॉल, क्लोरझोक्साझोन, मेटॅक्सॅलोन, ऑर्फेनाड्रिन सगळी त्यात आहेत. कारण कागदावर "गुंगी, पडणे, फ्रॅक्चर" असं लिहिलेलं असतं, पण ते प्रत्यक्षात असं घडतं: रात्री अडीचला लघवीला जाग येते, अंधारात पटकन उभं राहायला जातात, बीपी खाली, डोळ्यांसमोर अंधारी, बाथरूमच्या दारापर्यंत पोचायच्या आत खाली. आणि खुब्याचं हाड मोडलं की मग कमरेची उसण कुणाच्या लक्षातही राहत नाही. तरीही डॉक्टरांनी विचार करून दिलीच असेल तर सगळ्यात कमी डोस, दिवस अगदी मोजके, पलंगाजवळ दिवा, वाटेतलं पायपुसणं उचललेलं, आणि उठताना आधी कुशीवर, मग बसून मिनिटभर पाय हलवायचे, मग उभं. घरात कुणी असेल तर त्या रात्री एक हाक मारायला सांगा. आपल्याकडची मोठी माणसं कुणाला उठवायचं कशाला म्हणून एकटीच जातात, त्यांना आधीच बजावून ठेवा.

गोळी चुकली तर चुकली, पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. सावकाश विरघळणारी कॅप्सूल चावायचीही नाही, फोडायचीही नाही. टिझॅनिडिन जेवणाबरोबर घेतलं तर वेगळं शोषलं जातं आणि उपाशीपोटी वेगळं, म्हणून रोज एकाच पद्धतीने घ्या, आज असं उद्या तसं नको.

आणि गोळी चालू असताना पडून राहू नका. हे मी पोटतिडकीने सांगते कारण लोक गोळी घेऊन चार-चार दिवस अंथरुणात राहतात आणि मग म्हणतात गुण नाही. गोळीने थोडं सैल वाटतंय त्याच वेळात घरातल्या घरात दहा मिनिटं चाला, कूस बदला, गुडघे हळूच पोटाशी घ्या, जेवढं सोसेल तेवढंच. गरम शेक घ्या, पण पेंगत असताना शेकाची पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नका, भाजतं आणि गोळीमुळे कळत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये नुकत्या सुरू झालेल्या कंबरदुखीसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यातही शेक, मसाज असे बिनगोळीचे उपाय आधी, आणि औषध हवंच असेल तर मग दुखण्याची गोळी किंवा मसल रिलॅक्संट, असा क्रम आहे. शेक म्हणजे घरगुती, आणि गोळी म्हणजे खरा इलाज, असं आपल्या डोक्यात बसलंय, ते थोडं काढायला हवं.

काही दुखणी मात्र अशी असतात की त्यांना गोळीने झाकायचंच नाही. कमरेसोबत लघवी-संडासवरचा ताबा गेला, लघवी होतच नाही, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागेला बधिरपणा आला, पाय लुळा पडत चाललाय, तर तो त्याच दिवशी इमर्जन्सीचा विषय, सकाळपर्यंत थांबायचं नाही. ताप आहे, वजन कारण नसताना उतरतंय, पूर्वी कॅन्सर झालेला आहे, पडल्यानंतर सुरू झालंय, हाडं ठिसूळ आहेत किंवा स्टेरॉइड चालू आहेत, तर आधी तपासणी. मानदुखीसोबत छातीत दाब, जबडा-डावा हात दुखणं, घाम असेल तर ती मान नव्हे, हृदय असू शकतं. आणि रात्री पोटरीत गोळा येतो म्हणून शेजाऱ्यांची रिलॅक्संट घेणारे खूप असतात, त्या पेटक्याची कारणं वेगळी, त्याला ही गोळी नाही.

शेजाऱ्यांची म्हटल्यावर उरलेल्या गोळ्यांचं सांगायलाच हवं. दहाची स्ट्रिप, पाच दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या डब्यात. पुढच्या वेळी मुलाची मान धरते, सुनेची पाठ धरते, आणि डब्यातली गोळी निघते. सुनेला दिवस राहिलेत का, मुलगा कुठली अँटिबायोटिक घेतोय का, कुणी विचारत नाही, कारण गोळी "आपल्याच घरातली" असते. लहान मूल घरात असेल तर आणखी भीती, मोठ्या माणसाला नुसती पेंग आणणाऱ्या दोन गोळ्या मुलाला बेशुद्ध करू शकतात. जिथे फार्मसी परत घेत असेल तिथे द्या, नाहीतर स्ट्रिपमधून काढून मातीत कालवून बंद पिशवीत घालून कचऱ्यात, बेसिनमध्ये किंवा टॉयलेटमध्ये नको.

आई हॉस्पिटलमधून आल्यावर मी तिचा औषधांचा डबा पलंगावर उपडा केला. टिझॅनिडिनच्या पाच गोळ्या उरल्या होत्या, आणि खाली एक जुनी स्ट्रिप, वेगळ्या ब्रँडची, आत तेच टिझॅनिडिन, तिला ते माहीत नव्हतं. सगळ्या काढून नेल्या. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, तिच्या चालू गोळ्यांची नावं आणि कशाची कशाशी गाठ घालायची नाही ते. डॉक्टरांकडे जाताना ती तो डबाच पिशवीत घालून नेते, आणि खुर्चीत बसल्या बसल्या आधी झाकण उघडून त्यांच्यासमोर धरते.